आक्कांचं नाताळचं फूल

केशर आक्का श्रीरामपूरला भावाकडे कायमच्या राहायला आल्या, तेव्हा जून नुकता लागला होता. टेम्पोत मागे त्यांची लोखंडी खाट आणि एक पत्र्याची पेटी, पुढे ड्रायव्हरशेजारी त्या स्वतः. उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला जरा ओढलेलं, आणि डाव्या हातानं पोटाशी घट्ट धरलेली एक कुंडी. कुंडीतून चपट्या हिरव्या पेरांच्या माळा लोंबत होत्या. भावजय सत्यशीलानं कुंडी घ्यायला हात पुढे केला, पण आक्कांनी ती सोडली नाही. शेवटी एका बाजूनं भावानं धरलं, दुसऱ्या बाजूनं भावजयीनं, आणि कुंडीसकट त्यांना घरात आणलं.

आक्का म्हणजे शांतवनची थोरली बहीण. आईवडील लवकर गेले तेव्हा तिनंच त्याला शिकवलं, रेल्वेत चिकटवलं. स्वतः लग्न केलं नाही. मराठवाड्यातल्या एका मिशनच्या दवाखान्यात चाळीसेक वर्षं सिस्टर म्हणून काढली, त्यातली बहुतेक रात्रपाळीत. दर मे महिन्यात आठवडाभर भावाकडे यायच्या. त्या आठवड्यात सत्यशीलाला आपण वॉर्डातली शिकाऊ पोरगी आहोत असं वाटायचं. आक्का रागवायच्या नाहीत. नुसत्या चादरीच्या कोपऱ्याकडे बघायच्या, आणि सत्यशीला धावत जाऊन तो कोपरा नीट दुमडायची. लग्नाला तीस वर्षं होत आली, दोघी कधी मोकळेपणानं बसून बोलल्या नव्हत्या.

आणि आता तर बोलणंच गेलं होतं. एप्रिलमध्ये झटका आला, उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परतला, काठीच्या आधारानं घरातल्या घरात चालता यायला लागलं, पण शब्द परतले नाहीत. चारच उरले होते. हो, चहा, देवा आणि अंधार. त्यातला ‘हो’ तर कशालाही यायचा. भात वाढू का म्हटलं तरी हो, पोट भरलं का म्हटलं तरी हो. मनात ‘नको’ असलं तरी तोंडातून ‘हो’च निघायचा, आणि मग स्वतःवरच चिडून आक्का डोळे मिटून घ्यायच्या. सत्यशीला हळूहळू त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ठरवायला शिकली.

“ते झाड काय हाय हो?” तिनं पहिल्याच दिवशी नवऱ्याला विचारलं.

“तिकडं दवाखान्यात सगळे ख्रिसमस कॅक्टस म्हनायचे. नाताळात लई फुलतं. आक्काच्या खोलीवर लोक बघायला यायचे.”

कॅक्टस म्हणजे निवडुंग, एवढं सत्यशीलाला ठाऊक होतं. निवडुंगाला ऊन पाहिजे आणि पाणी नको. पाऊस काही अजून आला नव्हता, ऊन रणरणत होतं. तिनं आक्कांचा डोळा लागलेला बघून कुंडी उचलली आणि गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी, भर उन्हात नेऊन ठेवली. पाणी घातलं नाही. आपण काळजी घेतोय असंच तिला वाटत होतं.

आक्का जाग्या झाल्या आणि कुंडी शोधायला लागल्या. सत्यशीलानं वर बोट दाखवलं. “गच्चीवर हाय, आक्का. मस्त ऊन हाय तिथं.” आक्कांनी डाव्या हातानं खाटेची कड बडवली. “हो! हो!” त्या म्हणाल्या. सत्यशीलाला वाटलं, झालं, पसंत पडलं.

आठवडा गेला. एका सकाळी ती शिवणाच्या मशीनवर शाळेचे गणवेश शिवत बसली होती, तर मागे काठीचा आवाज आला. आक्का जिन्याच्या पहिल्या पायरीवर होत्या. एक हात कठड्याला, काठी खाली पडलेली. सत्यशीलानं धावत जाऊन त्यांना धरलं, खाली बसवलं आणि काय ते ओळखून गच्चीवर पळाली. झाडाची पेरं तांबडी पडली होती, कागदासारखी पातळ होऊन सुरकुतली होती. ती कुंडी घेऊन खाली आली तेव्हा आक्कांनी एकेका माळेवरून बोट फिरवलं. रडत होत्या. सत्यशीलाकडे त्यांनी बघितलंही नाही.

सत्यशीलानं त्याच दिवशी कुंडी पिशवीत घातली, एसटी पकडली आणि राहुरीच्या अलीकडे रस्त्यालगत रुपालीची नर्सरी होती तिथं उतरली. रुपाली कृषी विद्यापीठातून शिकलेली, तिशीतली बाई. झाड बघून तिनं कपाळाला हात लावला.

“काकू, ह्याला उन्हात कोनी ठिवलं?”

“मीच. निवडुंग हाय ना?”

“हाय, पन वाळवंटातला न्हाई. ह्यो ब्राझीलचा. समुद्राकडंच्या डोंगरात, धुक्याच्या जंगलात, मोठ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतो. श्लुम्बर्गेरा म्हनत्यात. नाव घ्यायला जीभ वळत न्हाई माझी पन.” ती हसली. “आपलं बांडगूळ झाडाचा रस पितं, तसं न्हाई हे. नुसतं फांदीवर बसतं. फांदीच्या बेचक्यात जो पालापाचोळा कुजतो, तेवढ्यावर जगतं. त्येला सावली पायजे, ओल पायजे, पन मुळाशी पानी साचलं का मेलं.”

मग तिनं पत्र्यावर माती कालवून दाखवली. कुजलेल्या पानांचं खत, नारळाचा भुसा, जाडी वाळू आणि कोळशाचे थोडे तुकडे. माती मुठीत दाबली आणि सोडली तर ती सुटी होऊन पडली पाहिजे. “कुंडी मोठी घेऊ नका, मुळं दाटीत खुश असत्यात. सकाळचं कोवळं ऊन चालंल, नंतर सावली. वरची माती बोटाला कोरडी लागली का पानी, न्हाईतर न्हाई. थंडीत कळ्या येतील.”

“जगंल का पन?”

“खोड अजून टणक हाय. जगंल.”

घरी आल्यावर सत्यशीलानं अंगणात पोतं अंथरलं. खरं तर तिला आक्कांना तोंड दाखवायची लाज वाटत होती, पण आक्का आपणहून खुर्ची ओढत तिच्यापाशी येऊन बसल्या. सत्यशीलानं जुनी कुंडी आडवी करून ठोकली, झाड मुळांसकट बाहेर आलं. आक्कांनी डावा हात पुढे केला आणि सुकलेली मुळं अशी हलकेच सोडवली, जणू कुणाच्या जखमेवरची चिकटलेली पट्टी काढताहेत. सत्यशीला माती टाकत गेली. जास्त दाबली तर आक्का तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवायच्या. तेवढ्यानं समजायचं. काम झालं, तेव्हा आक्कांनी मातीच्या हातानंच तिच्या दंडावर थोपटलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

कुंडी पुढच्या व्हरांड्यात, आक्कांच्या खिडकीच्या गजांना टांगली. तिथं सकाळचं ऊन तिरपं यायचं आणि खाटेवरून आक्कांना झाड दिसायचं. पावसाळ्यात ते सावरलं. पेरं पुन्हा जाड झाली, टोकांना पोपटी रंगाची नवी पेरं फुटली. सत्यशीला रोज सकाळी बोट खुपसून माती बघायची आणि खिडकीतून आत म्हणायची, “आज कोरडी हाय, आक्का. पानी घालते.” आक्का मान हलवायच्या. बोलणं एका बाजूचं असलं तरी ते बोलणंच होतं. गणवेश शिवता शिवता सत्यशीला त्यांना काय काय सांगायला लागली, कुणाच्या घरी काय झालं, चर्चमध्ये कोण कोणाशी बोलत नाही. आक्का ऐकायच्या, कधी अर्ध्या तोंडानं हसायच्या.

पण एक गोष्ट तिला समजेना. दिवेलागणीला ती व्हरांड्यातली ट्यूब लावायची, आणि तेव्हाच आक्का अस्वस्थ व्हायच्या. “अंधार,” त्या म्हणायच्या. “अंधार, अंधार.” दसरा जवळ आला तसं हे वाढलं. संध्याकाळ झाली की हात हलवायला लागायच्या.

“आक्का, अंधाराचं भ्या वाटतं का?” सत्यशीलानं त्यांच्या शेजारी बसून विचारलं.

“हो,” आक्का म्हणाल्या. “हो, हो!”

इतकी खंबीर बाई, आणि आता अंधाराला घाबरते. तिनं शांतवनला सांगितलं, “आजपासून भायेरची ट्यूब रातभर चालू ऱ्हाऊ द्या. खिडकीतून उजेड पडंल त्यांच्या अंगावर.” शांतवननं लगेच मान हलवली. पूर्वी जेवणं झाली की ट्यूब बंद व्हायची, आता ती सकाळपर्यंत जळत राहिली. आक्का तरी ‘अंधार’ म्हणतच होत्या. सत्यशीला त्यांच्या कपाळावर हात ठेवून सांगायची, “हाय ना ट्यूब. न्हाई बंद करत.” आणि आक्का भिंतीकडे तोंड करून पडायच्या.

दिवाळी झाली. थंडी पडली. सत्यशीला रोज माळांची टोकं निरखायची. कळ्या नाहीत. नवी पेरं मात्र येत होती. नाताळात आक्कांना त्यांचं फूल दाखवायचं असं तिनं मनाशी धरलं होतं. रुपालीला फोन केला. “खत बंद करा, पानी थोडं कमी करा,” रुपाली म्हणाली. “माझ्याकडं शेडमधी तर सगळ्यांना कळ्या धरल्यात, काकू. तुमच्याच झाडाला काय झालं कळत न्हाई.”

नोव्हेंबर संपता संपता गल्लीतली डीपी जळाली. मोठा आवाज झाला, धूर निघाला आणि सगळ्या गल्लीची वीज गेली. वायरमन म्हणाला, दोन-तीन दिवस लागतील. दिवस मावळायला लागला तसा सत्यशीलाच्या जिवाला घोर लागला. तिनं मेणबत्ती पेटवली आणि आक्कांच्या उशाशी स्टुलावर ठेवली.

“भिऊ नका. मी हितंच बसते.”

आक्कांनी मेणबत्तीकडे बघितलं, मग तिच्याकडे. डाव्या हाताची दोन बोटं ओठांना लावून ओली केली आणि वात चिमटीत धरून विझवली.

“अंधार,” त्या म्हणाल्या. आवाजात भीती नव्हती. लांबून चालत आलेल्या माणसानं डोक्यावरचं ओझं खाली ठेवावं तसा तो आवाज होता. सत्यशीला जमिनीवर बसून राहिली. थोड्या वेळात आक्कांचा श्वास संथ झाला. त्या झोपल्या होत्या. अशा गाढ त्या कितीतरी दिवसांत झोपल्या नव्हत्या. सकाळी तिनं चहा नेला तरी उठल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी वीज आली. सत्यशीलानं आनंदानं बटण दाबलं. “आली हो लाईट, आक्का!”

“अंधार!” आक्का जवळजवळ ओरडल्या. काठी घेऊन उठल्या, एकेक पाऊल टाकत व्हरांड्यात आल्या आणि काठी ट्यूबकडे उगारली. सत्यशीला पुढे धावली, त्या ट्यूब फोडतात की काय असं तिला वाटलं. पण आक्कांनी काठी भिंतीला टेकवली, झाडाच्या माळांवर हात ठेवला आणि तोच हात मग तिच्या डोळ्यांवर ठेवला. “अंधार,” त्या म्हणाल्या. पुन्हा झाडावर हात. पुन्हा तिच्या डोळ्यांवर.

“ह्याला?” सत्यशीला म्हणाली. “ह्याला अंधार पायजे?”

“हो.”

त्या ‘हो’वर सत्यशीलाचा विश्वास नव्हता. तिनं बटण बंद केलं आणि संधिप्रकाशात आक्कांचा चेहरा बघितला. आक्कांचे डोळे भरून आले होते आणि तोंडाची चांगली बाजू हसत होती.

“ह्याला अंधार मिळतो तवा कळ्या धरतात. आन् मी रातभर त्याच्या डोक्यावर ट्यूब जाळली?”

आक्कांनी मान डोलावली.

“आन् तुमी?”

आक्कांनी गालाखाली तळहात ठेवून झोपेची खूण केली, मग बोटं ट्यूबकडे करून डोळे विस्फारले. सत्यशीलाला आठवलं, मे महिन्यात आक्का यायच्या तेव्हा खिडकीला घोंगडी लावून झोपायच्या. जन्मभर रात्रपाळी केलेली बाई, दिवसा झोप यावी म्हणून खोली काळी करून घ्यायची तिला सवय. आणि आपण तिच्या तोंडावर उजेड पाडून वर समजूत घालत होतो.

“माझे आई!” ती म्हणाली आणि खालीच बसली. तिला हसूही येत होतं आणि रडूही. आक्का तिच्याकडे बघून हसायला लागल्या. आवाज न करता, खांदे हलवत. शांतवन बाहेर आला तर दोघी काळोखात हसताहेत.

त्या दिवसापासून दिवस मावळला की घराचा पुढचा भाग अंधारा ठेवायचं ठरलं. शांतवननं कुंडीवर खोकं घालून बघितलं, पण लोंबत्या माळांतली दोन पेरं कटकन मोडली. आक्कांनी असं बघितलं त्याच्याकडे की त्यानं ते खोकं पुन्हा आणलं नाही. सगळे स्वयंपाकघरात बसायला लागले, टीव्हीसुद्धा तिथं गेला. डिसेंबर लागला तेव्हा मात्र तो अडून बसला.

“चांदनी कुठं लावायची? आपल्या दारावर नाताळाची चांदनी न्हाई, असं कधी झालंय?”

“मागं लावा,” सत्यशीला म्हणाली. “परसात, लिंबावर.”

“तिथं कोन बघनार?”

“आपन बघू.”

गल्लीतल्या घरांवर लाल-पांढऱ्या चांदण्या पेटल्या. शांतवनच्या घराच्या दर्शनी बाजूला काळोख. ओळखीचे विचारायला लागले, गावाला जाणार का, कुणाचं काही झालं का. नाताळाच्या आधी गाणी म्हणणारी तरुण पोरापोरींची मंडळी संध्याकाळी गल्लीत आली. ढोलकी, गिटार, घरोघरी थांबणं. सत्यशीला स्वयंपाकघरात करंज्या तळत होती. आवाज जवळ आला आणि पुढे जायला लागला. बंद घर समजून ते ओलांडून चालले होते. ती हातातला झारा तसाच घेऊन परसदारानं धावली.

“अरे, थांबा! आमी हाय ना घरात! मागून या!”

सगळे बोळातून परसात आले, लिंबाखाली चांदणीच्या उजेडात गोल करून उभे राहिले. शांतवननं बहिणीला खुर्चीत आणून बसवलं, अंगावर शाल टाकली. ढोलकीवर थाप पडली. जुनं गाणं होतं, सगळ्यांच्या आईआजीला येणारं. दुसऱ्या ओळीला सत्यशीलाला आपल्या शेजारून एक घोगरा आवाज ऐकू आला. तिनं वळून बघितलं. आक्का गात होत्या. नुसती चाल नाही, शब्द. एकामागून एक, न अडखळता, पूर्ण कडवं. गाणारी एक मुलगी थांबली, मग शेजारच्यानं तिला कोपर मारलं आणि ती पुन्हा गायला लागली. शांतवननं तोंड लिंबाकडे फिरवलं. सत्यशीलाच्या हातातल्या झाऱ्यातून तेल पदरावर ठिबकत होतं, तिचं लक्ष नव्हतं.

गाणं संपलं तसे शब्दही गेले. आक्का काही सांगायला गेल्या आणि “चहा” एवढंच आलं. सत्यशीलानं सगळ्यांना चहा केला.

नाताळात फूल आलं नाही. सत्यशीलाला वाईट वाटलं, आक्कांना नाही. अंधार मिळाल्यापासून कळीपर्यंत किती आठवडे लागतात, तो हिशेब त्यांना ठाऊक होता. नवं वर्ष लागलं आणि एका सकाळी माती बघताना सत्यशीलाला एका पेराच्या टोकावर तांबडा ठिपका दिसला, मुंगीच्या डोक्याएवढा. तिनं चष्मा आणला. एक नव्हता, कितीतरी होते. नीट दिसावं म्हणून ती कुंडी फिरवायला गेली तर खिडकीतून काठी बाहेर आली आणि तिच्या हाताला हलकेच लागली. कळ्या धरल्यावर कुंडी हलवायची नाही, फिरवायची नाही, नाहीतर गळतात. एवढं सगळं आक्कांनी त्या काठीनं सांगितलं, आणि सत्यशीलाला ते कळलं.

त्या महिन्यात शांतवनला व्हरांड्याला रंग देण्याची उबळ आली होती. ती दोघींनी मिळून मोडून काढली.

पहिलं फूल फेब्रुवारीत उघडलं. एका फुलातून दुसरं फूल निघावं तसं, गर्द गुलाबी, पाकळ्या मागे वळलेल्या, आणि मधून लांब तुरा बाहेर आलेला. मग आठवडाभर रोज नवी. माळांची टोकं भरून गेली. शेजारपाजारच्या बायका बघायला आल्या. पाळकसाहेब आले आणि चर्चमध्ये ठेवायला कुंडी मागून बसले. सत्यशीलानं आक्कांकडे बघितलं. “हो,” आक्का म्हणाल्या.

“त्यांचं ‘हो’ म्हंजे ‘नको’ हाय, साहेब,” सत्यशीला म्हणाली. आक्का खुदकन हसल्या.

फुलं गळायला लागली तेव्हा राखेचा बुधवार, ईस्टरआधीच्या उपासांचा पहिला दिवस, आला होता. त्या दुपारी आक्कांनी सत्यशीलाला खुणेनं मशीनवरून उठवलं आणि व्हरांड्यात नेलं. एक माळ धरली, तीन पेरं मोजून चिमटीत पकडली आणि हलकेच पिळली. तुकडा सुटून आला. तो त्यांनी खिडकीच्या कट्ट्यावर, सावलीत ठेवला. दुसरा सत्यशीलाला तोडायला लावला. तिनं ओढून तोडला, तर आक्कांनी मान हलवली आणि तिची बोटं आपल्या बोटांत धरून पिळायची रीत दाखवली. जखम दोन दिवस वाळू द्यायची, मग मातीत एक पेर जाईल एवढंच खोचायचं. हेही हातांनीच सांगून झालं.

पुढच्या आठवड्यात सत्यशीला एका छोट्या कुंडीत असा एक तुकडा लावून रुपालीला देऊन आली, आणि अंधाराची सगळी हकीकत सांगितली.

रुपाली खळखळून हसली. “अवो, आमच्या शेडला लाईटच न्हाई,” ती म्हणाली. “म्हनून माझ्या कधी ध्यानातच आलं न्हाई!”

सत्यशीला घरी परतली तेव्हा दिवस मावळत होता. आक्का खिडकीशी बसल्या होत्या. ती चपला काढून त्यांच्या शेजारी खाटेवर बसली आणि नर्सरीतली सगळी हकीकत सांगायला लागली, रुपाली कशी हसली, एसटीत कोण भेटलं, राहुरीला ऊस भरलेल्या ट्रॅक्टरनं रस्ता कसा अडवला. हळूहळू खोलीत अंधार दाटला. दोघींपैकी कुणीच उठलं नाही.